चूलबंद आवतण

मांजरी सोडून कॅनॉल ओलांडला की उंबरवाडी लागते. म्हणजे लागायची. आता आधी टॉवर लागतात, मग टॉवरवाल्यांसाठी निघालेली दुकानं, आणि या सगळ्यांच्या पाठीमागे वाडी अंग चोरून बसलेली असते. वाडी महापालिकेत आली तेव्हा लोकांना वाटलं, आपण पुण्यात गेलो. पुण्याला तसं काही वाटल्याचं ऐकिवात नाही.

या वाडीत सोजरबाई सून म्हणून आल्या आणि सासूच्या मागून आवतणाचं काम त्यांच्याकडे आलं. कुणाचं लग्न निघो, बारसं निघो, सत्यनारायण असो, सोजरबाई घरोघरी जाऊन सांगायच्या. तळहातावर कुंकवाची कोयरी, डोक्यावर पदर. उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलावायचं, घरच्या बाईला कुंकू लावायचं, पुढच्या दाराशी जायचं. आत जायचं नाही, टेकायचं नाही, चहा घ्यायचा नाही. एकेका घरी चहा घेत बसलं तर शेवटच्या घराला बोलावणं पोचेपर्यंत नवरीला लेकरू व्हायचं, असं सासू म्हणायची.

आवतणाचेही प्रकार होते. ‘घरटी एक’ म्हणजे घरातून एकानं यायचं, आणि तो एक म्हणजे घरातला कर्ता पुरुष, हे वेगळं सांगावं लागत नसे. ‘जोडीनं’ म्हणजे नवरा-बायकोनं. आणि ‘चूलबंद’ म्हणजे सगळ्यांनी. म्हातारीकोतारी, लेकीसुना, अंगावरची पोरं, आलेला पाहुणासुद्धा. त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. चुली जाऊन गॅस आले तरी शब्द तोच राहिला. चूलबंद आवतण म्हणजे मोठी जोखीम. सांगणारीच्या शब्दावर विसंबून अख्खं गाव रिकाम्या पोटी घराबाहेर पडायचं. सोजरबाईंचा शब्द कधी खाली पडला नव्हता.

मग त्यांचा नवरा गेला. दिवस झाले आणि सोजरबाईंनी कोयरी नेऊन धाकट्या जावेच्या, कांताबाईंच्या, हातात दिली. कुणी मागितली नव्हती. कांताबाई एकदा ‘राहू द्या की आक्का’ म्हणाल्या आणि मग त्यांनी ती घेतली. वाडीत कुणी दुष्ट नव्हतं. फक्त त्यानंतर सोजरबाईंचं आवतण देणं थांबलं आणि हळूहळू त्यांना आवतण येणंही थांबलं. बोलावणं यायचं ते मुलाच्या, संपतच्या, नावानं. कुंकू लागायचं सुनेला. सोजरबाई तेव्हा आतल्या खोलीत काहीतरी निवडत बसलेल्या असायच्या. कुणी दुष्ट असेल तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. इथे तीही सोय नव्हती.

त्यांना उरली ती खळवाडी. पूर्वी सगळ्या गावाची मळणी तिथे व्हायची. आता तिथे पोरं क्रिकेट खेळतात, कडेला एक कडुनिंब आहे आणि त्याखाली मळणीचा जुना दगडी रूळ पडून आहे. संध्याकाळी वाडीतल्या म्हाताऱ्या तिथे जमतात. सोजरबाई सगळ्यांत आधी येत आणि सगळ्यांत उशिरा उठत.

तिथेच त्यांना पूर्णिमा भेटली. पोरगी वर्ध्याची, नोकरी हडपसरच्या आयटी पार्कात, राहायला खळवाडीच्या कडेच्या टॉवरमध्ये. नवव्या मजल्यावर एकटीनं भिंतींकडे बघण्यापेक्षा खाली येऊन म्हाताऱ्यांचं ऐकलेलं बरं, असं तिला वाटलं आणि ती रुळावर सोजरबाईंशेजारी बसायला लागली. सोजरबाई तिला ‘बाय’ म्हणायच्या आणि तिच्या बारीक अंगावरून रोज टोकायच्या. पूर्णिमाला हे टोकणं आवडायचं. दिवसभरात तिला ‘जेवलीस का’ असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

एक दिवस तिनं मोबाइलवर नकाशा उघडून सोजरबाईंपुढे धरला. वाडीचा आराखडा निघाला होता. रस्ता कुठून जाणार, दवाखाना कुठे, शाळा कुठे, सगळं त्यात रंगवलेलं होतं. खळवाडीच्या जागी करडा चौकोन होता.

“हे काय गं?”

“पार्किंग, आजी. मल्टिलेव्हल. वरपर्यंत गाड्याच गाड्या.”

“आन् आमी?”

पूर्णिमानं नकाशा मिटवला. मग ती घाईघाईनं म्हणाली, “पण फायनल नाही हो ते. नगररचनेचे साहेब रविवारी शाळेच्या हॉलमध्ये येणार आहेत. लोकांनी जाऊन सांगायचं, काय पाहिजे, काय नको. कुणी गेलंच नाही तर ते समजतील, कुणाला काही प्रॉब्लेम नाही.”

त्याआधी तयारीची एक बैठक घ्यावी म्हणून पूर्णिमानं जिवाचा आटापिटा केला. टॉवरच्या ग्रुपवर टाकलं, वाडीच्या ग्रुपवर टाकलं, रील केलं, वेशीवर बॅनर लावला. बॅनरवर कुणाचा फोटो नव्हता आणि कुणाचा वाढदिवसही नव्हता, त्यामुळे तो कुणी वाचला नाही. बैठकीला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. आलेल्यांपैकी दोघं हॉल लग्नाला किती भाड्यानं मिळतो ते विचारायला आले होते.

घरी सोजरबाईंनी संपतला विचारलं, “तू का न्हाय गेलास रं?”

“जानार कसा? बोलावलं कुठं कुनी?”

“मेसेज आला न्हवता?”

“आला की. अंगठा बी दाखवला मी त्याला.”

संपत हे अगदी मनापासून बोलत होता. सोजरबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. न बोलावता जाणारा माणूस त्यांनी वाडीत पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमा रुळावर डोळे पुसत बसली होती. “लोकांना काही पडलीच नाही, आजी. मीच येडी.”

“पडली हाय, बाय. पर मेसेज म्हंजी नुसती बातमी. आवतण न्हवं. त्याला दारात मानूस यावं लागतं.”

“मग तुम्हीच जा ना. तुम्ही द्यायच्या ना आवतण?”

सोजरबाई हसल्या. “मला चालत न्हाय ते. कुंकू कसं लावू मी कुनाला?”

“कुंकू कशाला? मीटिंग आहे ती. लग्न थोडंच आहे?”

पोरगी सहज बोलून गेली आणि ऑफिसचा फोन आला म्हणून उठून गेली. सोजरबाई मात्र तिथेच बसून राहिल्या. खरंच की. याला मुहूर्त नाही, ओवाळणी नाही, सवाशीण लागत नाही. हे बोलावणं घेऊन गेलं तर उंबऱ्यावर आपल्याला अडवणार कोण आणि काय म्हणून? एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत आपल्या ध्यानात कशी आली नाही, म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. पण वाडीत कुंकवावाचून बोलावण्याजोगं आजवर काही घडलंही नव्हतं.

पूर्णिमा भेटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सांगायचं कसं? घरटी एक?”

“नाही, नाही! सगळ्यांना. बायका, म्हातारे, कॉलेजची पोरं, सगळे. एकट्या पुरुषानं येऊन घराचं मत सांगायचं नाही.”

“सगळे म्हंजी समदेच?”

“हौ ना आजी, अख्खं घर.”

अख्ख्या घरासाठी सोजरबाईंकडे एकच शब्द होता. त्यांनी तो घेतला आणि निघाल्या.

पहिलं दार त्यांनी मुद्दाम कांताबाईंचं धरलं. तिथे पाऊल अडखळलं असतं तर पुढे जाण्यात अर्थ नव्हता. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून त्यांनी पदर सावरला. हात रिकामे होते. ते कुठे ठेवावेत कळेना, म्हणून जोडले.

“ऐतवारी सकाळी शाळंत साहेब येनारायत. आपल्या खळवाडीचं ठरायचंय. समद्यांनी या. चूलबंद.”

कांताबाई बघतच राहिल्या. आधी त्यांच्या तोंडाकडे, मग रिकाम्या हातांकडे. “आक्का, तुमी?”

“मीच.”

कांताबाईंनी नजर खाली केली. “येते,” एवढंच म्हणाल्या.

तिथून पुढे सोजरबाईंचा जुना आवाज परत आला. गुडघे दुखत होते पण पाय थांबत नव्हते. दारादारांत सुना बाहेर येऊन बघत होत्या. काही जणी त्यांना आजवर फक्त संपतची आई म्हणूनच ओळखत होत्या. टॉवरच्या फाटकाशी वॉचमननं अडवलं, तेव्हा पूर्णिमानं खाली येऊन त्यांना लिफ्टनं वर नेलं. तिथे लातूरकडचा उत्तरेश्वर नावाचा एक कंपनीतला माणूस राहत होता. ‘चूलबंद’ ऐकल्यावर त्यानं बायकोला हाक मारली आणि म्हणाला, “अगं, बाहेर ये, पुण्यात आपल्याला चूलबंद आवतण आलंय!” त्याचे डोळे भरून आले होते. सोजरबाईंना त्याच्यावर माया आली. तो एवढा का हेलावला, याचा विचार मात्र त्यांनी केला नाही. तो करायला हवा होता.

रविवारी हॉल भरला, व्हरांडा भरला, खिडक्यांत पोरं बसली. बायका ठेवणीतल्या काठपदरी साड्या नेसून आल्या होत्या. एकानं साहेबांसाठी उपरणं, टोपी आणि नारळही आणला होता. साहेब मध्यम वयाचे, दमलेल्या चेहऱ्याचे, श्यामसुंदर नावाचे गृहस्थ होते. एवढी माणसं बघून ते दारातच थबकले आणि आपण चुकून कुणाच्या साखरपुड्यात तर नाही ना आलो, असं त्यांनी शिपायाला विचारलं.

पूर्णिमानं भिंतीवर नकाशा दाखवला. मग वाडीतले पुरुष बोलायला उठले. खळवाडीबद्दल सुरुवात करून प्रत्येक जण आपापल्या गुंठ्यांवर घसरत होता. साहेब ऐकत होते. वेळ जात होता. पोरं चुळबुळायला लागली. तेवढ्यात शेजारच्या बाकावरचे वाडीतले एक आजोबा सोजरबाईंच्या कानाशी वाकले.

“वयनी, आचारी कुठला सांगितलाय? वास बी येईना अजून.”

“आचारी?” सोजरबाई पुटपुटल्या.

त्यांनी हॉलभर नजर फिरवली. म्हणून एवढी माणसं आली होती. म्हणून कॉलेजची पोरं आईच्या मागे आली होती. घरी राहून खाणार काय? म्हणून उत्तरेश्वर बायकापोरांसह सगळ्यांत पुढे बसला होता. वाडीत आणि टॉवरात आज एकाही घरात गॅस पेटलेला नव्हता. आणि साहेब जायला निघाले की सगळी पंगतीची वाट बघणार होती. त्यांनी ‘सगळे या’ एवढंच सांगायचं होतं. त्यांच्या तोंडून जेवणाचं आवतण गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा शब्द खाली पडणार होता, आणि तोही सगळ्या गावासमोर. आपण पुन्हा कुणाच्या दारात उभं राहू शकणार नाही, एवढं एकच त्यांना कळत होतं.

तेवढ्यात कांताबाईंची नात, संस्कृती, उठली. कॉलेजातली मुलगी, घरात कधी मोठ्यानं न बोलणारी. “सर, मला बोलायचंय. आम्ही मुली संध्याकाळी हडपसरच्या बसनं येतो. स्टॉपवरून घरी यायचा रस्ता खळवाडीवरून आहे. तिथे आज्या बसलेल्या असतात, म्हणून आम्हाला भीती वाटत नाही. कुणी मागे आलं तर आम्ही सरळ आज्यांच्यात जाऊन बसतो. तुमच्या पार्किंगमध्ये कॅमेरे असतील, सर. आज्या नसतील.”

कांताबाई नातीकडे बघत राहिल्या. संध्याकाळी पोरगी म्हाताऱ्यांत का घुटमळते, हे त्यांना आज कळत होतं. तिच्यामागून आणखी दोन-तीन मुली उठल्या, मग क्रिकेटवाली पोरं. घसा खाकरत, एकमेकांना ढकलत, पण बोलली. घरटी एक बोलावलं असतं तर यांतलं कुणीच इथं नसतं.

सोजरबाई कधी उठल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. अब्रू तर जाणारच आहे, मग जाताजाता बोलून घ्यावं, असं त्यांना वाटलं असावं.

“साहेब, मी सोजरबाई. मी ह्या वाडीत आवतण द्यायची. घरचा मानूस गेला तवापासनं देत न्हाय. आन् मला बी कुनी देत न्हाय.” त्या थांबल्या. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. “मी कुनाला बोल लावत न्हाय. रीतच हाय तशी. पर आता कुठं बी जायाचं तर आवतण लागतं. लग्नाला लागतं, बारशाला लागतं. त्या टॉवरात जायाचं तर खालनं फोन करावा लागतो. येक खळवाडीच अशी हाय, तिथं आवतण लागत न्हाय. मी उठते, जाते, बसते. का आलीस म्हनून कुनी इचारत न्हाय. तुमी गाड्या कुठं बी लावा, साहेब. माजी बसायची जागा मला ऱ्हाऊ द्या.”

त्या खाली बसल्या. पूर्णिमानं त्यांचा हात धरला.

साहेबांनी वही उघडली. मग म्हणाले, “आजी, निर्णय माझ्या एकट्याच्या हातात नाही, खोटं सांगणार नाही. पण तुम्ही बोललात ते जसंच्या तसं लिहीन. पार्किंग कॅनॉलपलीकडच्या मोकळ्या जागेवर न्यावं, अशी शिफारसही करीन. पुढे पुन्हा सुनावणी होईल, तेव्हाही असेच सगळे या. आणि एक गोष्ट आवर्जून लिहीन. अशा बैठका मी खूप घेतो. लोक थोडा वेळ बसतात आणि उठून जातात. इथे जेवणाची वेळ टळून गेली, तरी एक माणूस जागचा हललेला नाही.”

ते का हलले नव्हते, हे साहेबांना कुणी सांगितलं नाही.

टाळ्या वाजत होत्या तेवढ्यात सोजरबाई मागच्या दारानं निघाल्या. पाठीमागून त्या आजोबांचा आवाज ऐकू आला, “चूलबंद सांगून उपाशी! आता वाडी खरी पुण्यात गेली म्हनायची.” हशा पिकला. सोजरबाईंना मात्र तो हशा झोंबला आणि त्या भराभरा चालायला लागल्या.

घरी येऊन त्यांनी परात ओढली, डब्यात होतं तेवढं ज्वारीचं पीठ ओतलं आणि गॅसवर तवा ठेवला. अख्ख्या वाडीला आणि टॉवरला पुरतील एवढ्या भाकरी एका डब्यातून होत नाहीत, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. पण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. एक भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, पुढची घ्यायची. डोळ्यांतलं पाणी पिठात पडत होतं आणि त्या ते तसंच मळत होत्या.

बऱ्याच वेळानं दारात सावली पडली. कांताबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. धापा टाकत होत्या, कपाळावर राखेचा पट्टा होता, ठेवणीतल्या साडीचा पदर कमरेला खोचलेला होता.

“ये ना आत,” सोजरबाई तोंड वळवून म्हणाल्या. “बोल काय बोलायचं ते. माजी चूक हाय.”

कांताबाई आत आल्या नाहीत. “तुमी पळालात, आन् ती वर्ध्याची पोरगी रडाया लागली, चूक माजी हाय म्हनून. मग म्या म्हनलं, चूक कुनाची ते मागनं बघू, पोटात कावळे वरडायलेत. देवळातली गावकीची भांडी काढली. खळवाडीवर चूल मांडलीय. ज्याच्या घरात जे हाय ते आनलंय, कुनी तांदूळ, कुनी डाळ. टॉवरातल्या बाया बटाटं घेऊन आल्यात. साहेबास्नी बी जाऊ दिलं न्हाय, लसूण सोलाया बसवलंय.”

सोजरबाईंना हसू आलं आणि हुंदकाही आला. “बरं झालं. जा मग तू, लोक वाट बघत असतील.”

कांताबाई हलल्या नाहीत. त्यांनी कमरेचा पदर सोडला, डोक्यावर घेतला आणि नीट सरळ उभ्या राहिल्या. मूठ पुढे करून त्यांनी सोजरबाईंच्या पिठाच्या हातावर अक्षता ठेवल्या. खिचडीच्या तांदळातूनच उचललेले असावेत. त्यांत एक डाळीचा दाणाही होता.

“खळवाडीवर जेवाया या, आक्का,” त्या म्हणाल्या. “लई उशीर झाला आवतणाला. राग मानू नगा.”

सोजरबाई तळहाताकडे बघत राहिल्या. या दारात, त्यांच्या नावानं, त्यांना बोलावणं आलं होतं. इतकी वर्षं आतल्या खोलीत बसून जे ऐकायची त्यांनी आशासुद्धा सोडली होती, ते आलं होतं. पण आवतण घेण्याची एक रीत असते आणि ती त्यांनीच वाडीला शिकवली होती. त्यांनी डोळे पुसले, मूठ मिटली आणि विचारलं,

“कसं यायचं? घरटी?”

“चूलबंद,” कांताबाई म्हणाल्या.

सोजरबाई मागे वळल्या आणि त्यांनी तव्याखालचा गॅस बंद केला.